धडगावचं रक्त जळगावला पोचेपर्यंत: मायक्रोपार्टिकल्सवरच्या एका पीएचडीचं प्रकरण

आधी परिस्थिती सांगतो. जळगावातल्या एका लॅबमध्ये पीएचडी करणारी विद्यार्थिनी, मूळची शहाद्याकडची, तिसरं वर्ष संपत आलेलं. विषय सिकलसेलच्या पेशंटमधला रक्तवाहिन्यांचा दाह आणि त्यात पेशींपासून सुटणाऱ्या मायक्रोपार्टिकल्सचा वाटा. पेशंट सगळे नंदुरबार जिल्ह्यातले, बरेचसे धडगाव आणि मोलगी भागातले, आणि तुलनेसाठी घेतलेले निरोगी लोक, ज्यांना कंट्रोल म्हणतात, ते जळगावचेच, म्हणजे विभागातली पोरंपोरी, ऑफिसातले लोक, त्यांचे नातेवाईक. सहामाही प्रगतीच्या बैठकीत तिनं ग्राफ लावला तर दोन गटांत एवढं अंतर की पी व्हॅल्यू, म्हणजे फरक योगायोगाचा असेल का ते सांगणारा आकडा, बघायचीसुद्धा गरज वाटू नये. प्लेटलेटपासून सुटलेले कण पेशंटमध्ये प्रचंड, एन्डोथेलियमचे म्हणजे वाहिनीच्या आतल्या अस्तराचे कणही वाढलेले, लाल पेशींचे तर वाढणारच. गाईड सर खूश, पेपरचा मसुदा तयारच होता.

मी त्या सल्लागार समितीवर बाहेरचा सदस्य. समितीत रक्तपेढी सांभाळणाऱ्या एक मॅडम आहेत, त्यांनी एकच विचारलं. कंट्रोलचं रक्त काढल्यावर किती वेळानं सेंट्रीफ्यूजला लावता, आणि पेशंटचं किती वेळानं? कंट्रोलचं अर्ध्या तासात, कारण रक्त त्याच इमारतीत काढलं जातं. पेशंटचं म्हणाल तर सकाळी धडगावला कॅम्प, मग नळ्या जीपमध्ये, घाट उतरून शहादा, तिथून शिरपूर-चोपडा करत जळगाव. संध्याकाळ होतेच.

खोलीत जरा शांतता झाली. सर म्हणाले, अहो मॅडम, सगळेच असं करतात.

आता हा प्रश्न एवढा जीवघेणा का, हे कळायला हे कण काय आहेत ते थोडं बघावं लागेल. चारगाफ आणि वेस्ट या दोघांनी १९४६ मध्ये प्लाझ्मा खूप वेगानं फिरवला तेव्हा रक्त गोठायला मदत करणारं काहीतरी तळाशी बसतं असं त्यांना दिसलं. पुढं १९६७ मध्ये पीटर वूल्फनी दाखवलं की हे प्लेटलेटपासूनच सुटलेले बारीक तुकडे आहेत, त्यांनी त्याला प्लेटलेटची धूळ म्हटलं. आज आपण मायक्रोपार्टिकल म्हणतो ते साधारण ०.१ ते १ मायक्रॉन आकाराचे, पेशीच्या बाहेरच्या पडद्यातून फुगून सुटलेले कण. एक्सोझोम वेगळे, ते अजून लहान, साधारण ३० ते १५० नॅनोमीटर, आणि ते पेशीच्या आत तयार होऊन बाहेर टाकले जातात. हल्ली या सगळ्यांना मिळून एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल म्हणा असा आग्रह आहे, या कणांवर काम करणाऱ्यांच्या मिसेव्ह २०१८ नावाच्या मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट आहे, पण हिचं रजिस्ट्रेशन जुन्या शीर्षकाखाली झालंय म्हणून इथं मायक्रोपार्टिकलच म्हणतो.

कण सुटतो कसा? पेशी चाळवली गेली, घासली गेली किंवा मरायला लागली की आत कॅल्शियम वाढतं. पेशीच्या पडद्याला दोन थर असतात आणि फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचं लिपिड एरवी आतल्या थरात दडवून ठेवलेलं असतं, कॅल्शियम वाढलं की ते आत ठेवणारी यंत्रणा थांबते आणि स्क्रॅम्बलेज नावाचं प्रोटीन दोन्ही थर मिसळून टाकतं, मग ते लिपिड बाहेर येतं. त्याच वेळी कॅल्पेन नावाचं एन्झाइम पेशीचा आतला सांगाडा कापतं, पडदा फुगतो आणि तुकडा सुटतो. बाहेर आलेल्या त्या लिपिडवर रक्त गोठवणारे घटक जमतात आणि ॲनेक्सिन व्ही नावाचं प्रोटीन पण त्यालाच चिकटतं, म्हणून कण मोजायला ॲनेक्सिन वापरतात. आणि सुटताना कण आपल्या मूळ पेशीच्या खुणा घेऊन निघतो. प्लेटलेटचा असेल तर सीडी४१, लाल पेशीचा असेल तर सीडी२३५ए, मोनोसाइटचा म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीचा सीडी१४, एन्डोथेलियमचा सीडी१४४ किंवा सीडी६२ई. त्यामुळे रक्ताच्या एका थेंबातून कोणत्या पेशीवर काय बेतलंय याचा अंदाज लागतो, आणि अनेक संशोधक या विषयाच्या प्रेमात पडतात ते यामुळेच.

शिवाय हे कण नुसता कचरा नाहीत. २००१ मध्ये बुलांजे यांच्या गटानं हार्ट अटॅकच्या पेशंटचे कण उंदराच्या महाधमनीच्या तुकड्यांवर टाकले तर त्या वाहिनीचं सैल होणं कमी झालं. प्लेटलेटचे कण रॅन्टीस नावाचा केमोकाइन, म्हणजे पांढऱ्या पेशींना बोलावणारं प्रोटीन, दाह झालेल्या अस्तरावर नेऊन ठेवतात आणि त्यावर मोनोसाइट येऊन चिकटतात, हे पण दाखवलं गेलंय. म्हणजे कण दाहातून तयार होतात आणि दाह पुढंही नेतात.

सिकलसेलमध्ये तर हे सगळं एकाच माणसात भेटतं. बीटा ग्लोबिनच्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन आलं की ऑक्सिजन कमी होताच हिमोग्लोबिनच्या लांब दोऱ्या बनतात, पेशी विळ्यासारखी होते, तिचे पडदे तुटतात, लाल पेशी फुटतात, हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग, म्हणजे हीम, मोकळा होऊन अस्तराला जाळतो. २००३ मध्ये शेट आणि सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या रक्तात टिश्यू फॅक्टर (रक्त गोठणं सुरू करणारं प्रोटीन) असलेले, एन्डोथेलियम आणि मोनोसाइटचे कण दाखवले. आणि आपल्याकडं सातपुड्याच्या पट्ट्यात, भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार किती आहे ते नंदुरबारच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. केंद्राचं सिकलसेल उच्चाटन मिशन १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य. तपासणी होते, निदान होतं, पण आपल्याकडच्या पेशंटच्या वाहिन्यांत नेमकं काय चाललंय यावर काम फार थोडं आहे. त्यात आपल्याकडं अरब-भारतीय हॅप्लोटाइप, म्हणजे त्या जनुकाच्या आसपासच्या बदलांचा ठरावीक संच, आढळतो, गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त राहतं, म्हणून आफ्रिकेतल्या पेशंटवरचे निष्कर्ष इथं जसेच्या तसे उचलता येत नाहीत. तर पोरीनं विषय निवडला तो अगदी योग्य होता, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती.

अडचण अशी की नळीतलं रक्त जिवंत असतं. शिरेतून बाहेर काढलं म्हणून प्लेटलेट गप्प बसत नाही. हलवली तर चाळवते, थंड केली तर चाळवते, नुसती तासन् तास ठेवली तरी कण सोडत राहते. रक्तपेढीत प्लेटलेटच्या पिशव्या २० ते २४ अंशांत ठेवतात ते उगाच नाही. आणि इथं काय होत होतं? कॅम्पवरचे लोक बिचारे चांगल्या हेतूनं नळ्या लसीच्या कॅरिअरमध्ये, बर्फाच्या पॅकला चिकटवून ठेवत होते, कारण आरोग्य केंद्रात वर्षानुवर्षं एकच शिकवलंय की नमुना म्हटलं की थंड ठेवा. त्यावर जीप, त्यावर घाट. तिनं नंतर ड्रायव्हर दादाला सहज विचारलं की पेटी कुठं ठेवता, तर ते म्हणाले, "मांगे ठेवस ताई, घाटमा बठ्ठ्या नळ्या नाचतस." म्हणजे मागं ठेवतो, घाटात सगळ्या नळ्या नाचतात. हे वाक्य तिनं वहीत लिहून ठेवलं, आणि माझ्या मते त्या पूर्ण वर्षातलं सगळ्यात कामाचं निरीक्षण तेच होतं.

बैठकीनंतर दोन बाजू पडल्या. सरांचं म्हणणं होतं की पेपरमध्ये मर्यादा म्हणून दोन ओळी टाकू आणि पुढं जाऊ, पाच वर्षांचा प्रोजेक्ट आहे, कण मोजणाऱ्या मशीनच्या म्हणजे फ्लो सायटोमीटरच्या स्लॉटचे पैसे भरलेत, मुंबईला नमुने ड्राय आइसमध्ये नेऊन मोजून आणलेत, आता काय सगळं फेकायचं का. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत थीसिसआधी पेपर छापलाच पाहिजे ही सरसकट अट राहिलेली नाही, तरी पेपर नसेल तर पोस्टडॉक कुठं मिळणार ही भीती खरीच आहे आणि सर ती तिच्या भल्यासाठीच बोलत होते. मॅडमचं म्हणणं होतं की कंट्रोल आणि पेशंट यांच्यात आजार सोडून आणखी तीन गोष्टी वेगळ्या आहेत, वेळ, हादरे आणि तापमान, मग फरक आजाराचा आहे हे म्हणायचं कशाच्या जोरावर. नमुन्यांची संख्या वाढवून पण हे सुटत नाही. ढिगानं पेशंट घेतले तर चुकीच्या कारणाचा फरक अजून पक्का दिसेल एवढंच.

मुलगी पंधरवडाभर कुणाशी फारसं बोलली नाही. मग एक पानाचा प्लॅन घेऊन आली, आणि तो प्लॅन मला आजही फार आवडतो.

तिनं सुचवलं की निरोगी माणसाचंच रक्त घ्या आणि त्यालाच घाटातून फिरवून आणा. एका माणसाच्या एकाच दंडातून चार सायट्रेट नळ्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या. पहिली ताबडतोब सेंट्रीफ्यूजला. दुसरी जीपच्या प्रवासाला लागतात तितकेच तास टेबलावर उभी, २२ अंशांच्या आसपास. तिसरी जीपमधून धडगावपर्यंत जाऊन परत, पण थर्मासमध्ये, थंड न करता. चौथी त्याच जीपमध्ये पण लसीच्या कॅरिअरमध्ये बर्फाबरोबर. आजार कुणालाच नाही, एचपीएलसी म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी तपासणी करून सगळे नॉर्मल असल्याची खात्री केलेली. एथिक्स कमिटीकडं दुरुस्ती टाकली, संमतीपत्र नवं केलं, महिन्या-दीड महिन्यात मंजुरी आली. जीपचं डिझेल मात्र कुठल्याच हेडमध्ये बसेना. शेवटी गाडीचा खर्च तिनं फेलोशिपमधून केला, आणि ही गोष्ट मला अजिबात पटलेली नाही. लाखोंच्या मशीनला पैसे मंजूर होतात आणि जीपच्या डिझेलला होत नाहीत, मग पोरं काय करणार, जे जसं येईल तसं मोजणार.

निकाल असा आला. टेबलावर उभ्या राहिलेल्या नळीत प्लेटलेटचे कण थोडे वाढले. जीपमधून थर्मासमध्ये गेलेल्या नळीत बरेच जास्त वाढले. बर्फात ठेवून फिरवलेल्या नळीत तर असे वाढले की निरोगी माणसाचा आकडा तिच्या जुन्या पेशंट गटाच्या आकड्यांत जाऊन बसला. म्हणजे पहिल्या ग्राफमधला प्लेटलेटचा फरक आजार नसतानाही तयार करून दाखवता येत होता. लाल पेशींचे कण पण प्रवासात वाढले, पण त्या मानानं कमी.

आणि आता एन्डोथेलियम. इथं या प्रकरणाचा खरा गाभा आहे. एन्डोथेलियमच्या पेशी वाहिनीच्या भिंतीला असतात. नळीत त्या येत नाहीत, आल्याच तर नावापुरत्या. मग नळीला घाटातून नेलं काय, बर्फात ठेवलं काय, एन्डोथेलियमचे नवे कण तयार होणार कुठून? नाहीच होऊ शकत. पण तिच्या आकड्यांत ते वाढलेले दिसत होते. थोडे, पण दिसत होते. सर म्हणाले नॉइज असेल, सोडून दे. ती सोडेना. जे वाढणं शक्यच नाही ते वाढलंय, म्हणजे आपण ज्याला एन्डोथेलियम म्हणतोय ते एन्डोथेलियम नाही, असं तिनं सरळ मांडलं.

झालं होतं असं की एन्डोथेलियमचे कण ती सीडी३१ पॉझिटिव्ह आणि सीडी४१ निगेटिव्ह अशा खुणेवर मोजत होती. ही खूण जुन्या पेपरांत भरपूर वापरलेली आहे. पण सीडी३१ प्लेटलेटवर पण असतं. प्लेटलेटचा कण अगदी लहान असला की त्याच्यावर सीडी४१ इतकं थोडं येतं की मशीनला ते निगेटिव्ह वाटतं आणि कण एन्डोथेलियमच्या खात्यात जमा होतो. प्लेटलेटचे कण कमी असताना ही गळती लक्षात येत नाही, पण प्रवासानं प्लेटलेटचे कण भरमसाठ वाढले की तिकडून गळून इकडं आकडा फुगतो. तिनं सीडी१४४ घेतलं, ते व्हीई कॅडहेरिन, अस्तराच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतात ते प्रोटीन, प्लेटलेटवर नसतं. सीडी१४४ नं मोजल्यावर चारही नळ्यांत आकडा जवळपास सारखा आला. त्या दिवशी तिनं फोन केला, आवाजावरूनच कळलं की ही आता संशोधक झाली.

म्हणजे एकाच प्रयोगानं दोन गोष्टी दिल्या. कोणता आकडा रस्त्यानं बिघडतो ते कळलं, आणि एन्डोथेलियम हा नळीतल्या नळीत तपासून बघायचा कंट्रोल म्हणून वापरता येतो हे कळलं. प्रवास केलेल्या नळीत तुमचं एन्डोथेलियम वाढलं तर आधी गेट तपासा, म्हणजे कोणता कण कुठल्या खात्यात मोजायचा हे ठरवणाऱ्या मशीनवरच्या सीमा.

या सगळ्यात एक छोटी गोष्ट अजून सापडली, तीही सांगून टाकतो कारण हे काम करणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल. ॲनेक्सिन चिकटायला कॅल्शियम लागतं. तिच्याआधीच्या कुणीतरी लॅबमध्ये फॉस्फेट बफरमध्येच कॅल्शियम घालून बफर बनवायची पद्धत पाडली होती. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक कण तयार होतात आणि मशीनला ते हुबेहूब मायक्रोपार्टिकलसारखे दिसतात, ॲनेक्सिनही त्यांना चिकटतं. प्लाझ्मा न घालता नुसतं बफर आणि रंग चालवलं तरी हजारो कण. फॉस्फेटऐवजी हेपेस नावाच्या रसायनाचं बफर केलं, गाळून घेतलं, तो प्रश्न मिटला. सोबत ट्रायटन एक्स-१०० घालून परत मोजायची सवय लावली. डिटर्जंटनं खरा पडद्याचा कण विरघळून जातो, क्षाराचा कण किंवा अँटीबॉडीची गुठळी तशीच राहते. ट्रायटननंतरही जे उरतं ते एकूणातून वजा करायचं. हे दोन कंट्रोल नसलेला ग्राफ मी आता बघतच नाही.

मण्यांबद्दल पण थोडं. आकाराचा गेट लावायला पॉलिस्टायरीनचे ०.५ आणि ०.९ मायक्रॉनचे मणी वापरतात, आंतरराष्ट्रीय पातळीवर वेगवेगळ्या लॅबचे आकडे जुळवायला तेच वापरले गेले. पण पॉलिस्टायरीनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळवतो त्याचं माप, १.५९ च्या आसपास, पेशीच्या कणाचा १.४ च्या जवळ. त्यामुळे अर्ध्या मायक्रॉनच्या मण्याइतका प्रकाश विखुरणारा कण प्रत्यक्षात त्यापेक्षा मोठा असतो. थीसिसमध्ये तिनं आता मण्याच्या तुलनेतला आकार असं स्पष्ट लिहिलंय, तेवढं पुरे आहे.

पण मॅडमनी पुढचा प्रश्न काढला आणि तो जास्त अवघड होता. निरोगी रक्ताला प्रवासात काय होतं ते कळलं, पण सिकलच्या रक्तालाही तेवढंच होईल असं कशावरून? बंद नळीत पेशी ऑक्सिजन वापरत राहतात. ऑक्सिजन घटला की सिकलची लाल पेशी नळीतच वाकडी होणार, पडदा तुटणार, कण सुटणार, नॉर्मल पेशीला असं काही होणार नाही. म्हणजे प्रवास दोन्ही गटांना सारखा दिला तरी बिघाड सारखा होत नाही. त्यामुळे जुन्या आकड्यांना कुठल्या तरी गुणकानं भागून दुरुस्त करायचा जो बेत सरांच्या मनात होता तो बंद झाला. पेशंटच्या जुन्या नमुन्यांतली प्लेटलेट आणि लाल पेशींची आकडेवारी वापरता येणार नाही, हे तिनं स्वतःच लेखी दिलं. यावर सर काही दिवस नाराज होते, मग त्यांनीच समितीला पत्र लिहून मुदत मागितली. मला त्यांचं यात कौतुक वाटतं, कारण बऱ्याच ठिकाणी असं पत्र लिहिलं जात नाही आणि मसुदा गुपचूप जर्नलला जातो.

मग सेंट्रीफ्यूज धडगावला न्यायचं ठरलं. ऐकायला सोपं वाटतं. तिथल्या रुग्णालयात छोटं टेबलटॉप होतं, ३५०० आरपीएमपर्यंत जाणारं. आता प्रोटोकॉल सांगतो २५०० जी, १५ मिनिटं, दोन वेळा. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट ओढ आणि आरपीएम म्हणजे मिनिटाला किती फेरे, दोन्ही एक नाही, हिशोबाला रोटरची त्रिज्या लागते. त्रिज्या १० सेंटीमीटर असेल तर ३५०० आरपीएमला जेमतेम १३७० जी मिळतात, २५०० जी हवे असतील तर ४७०० च्या वर जावं लागतं. १३७० जीमध्ये प्लेटलेट पूर्ण खाली बसत नाहीत, वर राहिलेल्या प्लेटलेट गोठवल्या आणि परत वितळवल्या की फुटून कणांचा पूर येतो. जळगावहून दुसरं मशीन न्यावं लागलं. पहिल्याच आठवड्यात फिरता फिरता लाइट गेली, म्हणून मग इन्व्हर्टर. ब्रेक बंद ठेवायचा, आपोआप थांबू द्यायचं, आणि वरचा प्लाझ्मा काढताना तळापासून सेंटीमीटरभर तसाच सोडायचा, लोभ करायचा नाही.

रक्त काढणंही तिनं स्वतः बसून बघितलं, मग लॅब टेक्निशियन ताईंकडून शिकून घेतलं. दंडाची पट्टी सैल, शीर सापडली की लगेच सोडायची. सुई २१ गेजची. पहिली नळी टाकून द्यायची, कारण सुई टोचल्याची जखम स्वतःच प्लेटलेट जागं करते. नळी उभी ठेवायची, उलटीसुलटी हळूच करायची, झटकायची नाही. उपाशीपोटी घ्यायचं, कारण तेलकट खाल्ल्यावर रक्तातले कायलोमायक्रॉन, म्हणजे चरबीचे बारीक थेंब, मशीनला कणांसारखेच दिसतात. आता धडगावच्या माणसाला सकाळी पायी डोंगर उतरून यायचं असतं आणि तुम्ही सांगता उपाशी या, हे बरोबर आहे का? तिनं आशा ताईंशी बोलून पाड्याजवळच्या केंद्रावर सकाळी लवकर जायचं ठरवलं आणि रक्त दिल्यावर लगेच नाश्ता. पोहे आणि चहा. याचाही खर्च कुठल्या हेडमध्ये टाकायचा ही चर्चा झाली, पण या वेळी झाला मंजूर.

आणि मे महिना. खोलीचं तापमान म्हणजे २० ते २५ अंश असं प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं, ते लिहिणाऱ्यांनी खान्देशातला मे बघितलेला नसतो. शहाद्याला पारा ४४ वर गेला की खोलीचं तापमान या शब्दांना काही अर्थ राहत नाही. डोंगरात वर जरा बरं असतं, तरी तिनं नळ्या पाण्याच्या डब्यात उभ्या केल्या, पाणी माठातलं आणि साधं मिसळून थर्मामीटर लावून २२-२३ वर आणायचं आणि डब्याला ओलं गोणपाट. फॅन्सी काही नाही पण काम झालं.

कंट्रोल पण बदलले. जळगावचे ऑफिसातले लोक गेले, त्यांच्या जागी त्याच गावातले, शक्य तिथं त्याच घरातले भाऊबहीण, एचपीएलसीनं नॉर्मल ठरलेले, त्याच सकाळी, त्याच ट्रेमध्ये. वाहकांचा म्हणजे एचबीएएसवाल्यांचा गट वेगळा. ही सगळ्यात चांगली सुधारणा आणि सगळ्यात नाजूक पण. भावाबहिणीची तपासणी म्हणजे कोण वाहक आहे ते बाहेर येतं, आणि त्यावर लग्नं मोडतात. म्हणून समुपदेशक सोबत, निकाल फक्त त्या माणसाच्या हातात, आणि कुणी कळवू नका म्हणालं तर कळवायचा नाही. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेले पेशंट वगळले, कारण पिशवीतल्या साठवलेल्या रक्तात लाल पेशींचे कण आधीच साठलेले असतात. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरचं औषध कोण घेतं, किती दिवसांपासून, तेही लिहिलं.

पीएचडीचा कोर्सवर्क असतो, त्यात संशोधन पद्धती, स्टॅटिस्टिक्स, प्रकाशनाची नीतिमत्ता, सगळं शिकवतात. पण रक्तावर थीसिस करणाऱ्या मुलीला तिसऱ्या वर्षापर्यंत कुणी कॅम्पवर पाठवलं नव्हतं, नळी तिच्यापर्यंत प्लाझ्मा होऊनच यायची. माझं ठाम मत आहे की अशा विषयात पहिल्या सहा महिन्यांत विद्यार्थ्यानं सुई टोचली जाते तिथं उभं राहिलंच पाहिजे, नमुना आणणाऱ्या गाडीत एकदा तरी बसलंच पाहिजे, आणि निरोगी रक्त त्याच रस्त्यानं फिरवून आणल्याशिवाय पेशंटचा एकही नमुना मोजायला घेऊ नये. समितीत आता आम्ही हे लेखी मागतो.

नव्या पद्धतीचे नमुने दोन हंगाम गोळा झाले. जागेवरच प्रक्रिया केलेल्या नमुन्यांत प्लेटलेटच्या कणांचा फरक आधीच्या मानानं फारच लहान झालाय, इतका की त्यावर तिनं वेगळं प्रकरण लिहायचं सोडून दिलं. एन्डोथेलियमचा, सीडी१४४ वाला फरक टिकला. लाल पेशींचाही टिकला. थीसिसचा भर आता या दोघांवर आहे, लाल पेशींच्या कणांचा आणि हिमोलिसिसचा म्हणजे लाल पेशी फुटण्याचा संबंध एका प्रकरणात, आणि अस्तराचे कण दुसऱ्यात. चार नळ्यांचा तो प्रयोग स्वतंत्र पेपर म्हणून गेलाय, रिव्ह्यूअरनी ट्रायटनचा डेटा जास्त मागितलाय आणि तो तिच्याकडं आहे. वेदनेच्या झटक्यात असलेल्या पेशंटचे नमुने मात्र अजून घेतलेले नाहीत, कारण त्या अवस्थेत माणूस रात्री-अपरात्री येतो, तेव्हा सेंट्रीफ्यूज लावायला कुणी नसतं, आणि दुखणाऱ्या माणसाकडून जादा रक्त मागायचं का यावर एथिक्स कमिटीचं उत्तर यायचंय. तोवर थीसिसच्या शीर्षकात स्थिर अवस्थेतले पेशंट एवढे शब्द जोडायची विनंती विद्यापीठाकडं गेली आहे.